शुद्ध करून पुन्हा टाकावे

कुंदा,

मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुझ्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी तुझ्याच घरी होते. तुला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. तुझी भाची पल्लवी आत धुतलेली चादर शोधत होती आणि तिला सापडत नव्हती, कारण तुझ्या कपाटात काय कुठे असतं हे तुला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात माझा फोन थरथरला. सचिवांनी लिहिलं होतं: 'मराठी भाषेच्या निस्सीम उपासक, मंडळाच्या ज्येष्ठ सभासद कुंदाताई यांचे आकस्मिक निधन. मंडळ एका निष्ठावान कार्यकर्तीस मुकले आहे.'

मी ते पुन्हा एकदा वाचलं. सवयच आहे मला, तुला ठाऊक आहे. एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, 'निस्सीम'मधला जोड स सुद्धा बरोबर. आणि त्यात एकही शब्द मनापासून लिहिलेला नव्हता. कारण ज्या ग्रुपवर ही श्रद्धांजली आली, त्या ग्रुपवर तू नव्हतीस. ज्या माणसानं ती लिहिली, त्यानंच तुला हिवाळ्यात तिथून काढून टाकलं होतं. कारण दिलं होतं, अशुद्ध लेखन.

मी रडायला आले होते. ते राहून गेलं. परवा तुझं तेरावं झालं, तरी राहूनच गेलंय. रडू यायच्या आधी राग येतो आणि तो पुढे सरकतच नाही. म्हणून हे लिहितेय. फोनवरच लिहितेय आणि फोनवरच टाकणार आहे, जिथे आपली सगळी भांडणं झाली.

पहिलं भांडण तर ओळख व्हायच्या आधीच झालं. मी अमरावतीहून रायपूरला नवऱ्याच्या बदलीबरोबर आले. एम.ए. मराठी म्हटल्यावर मंडळानं पहिल्याच गणपतीत स्मरणिकेचं संपादन माझ्या गळ्यात घातलं. तू व्हॉट्सअॅपवर एक लेख पाठवलास, 'माय आनि तलाव'. तुझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. बूढापाऱ्यातल्या घरातून ती रोज संध्याकाळी तलावाच्या पायरीवर जाऊन बसायची, त्याबद्दल होता. मी तो नीट केला आणि तुला परत पाठवला. दुसऱ्याच दिवशी तू ऑफिसातून सुटून स्कूटरवरून थेट माझ्या दारात. आत आलीस, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलीस आणि विचारलंस, "तुम्ही माह्या मायले पुण्याची काहून केली?"

मी नियमांचं बोलू लागले. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस की नियम असतीन, पण माय माही आहे. तिनं जन्मात कधी 'मला' म्हटलं नाही. तिच्या तोंडी 'मला' घातलं की ती दुसरीच कोणी बाई होते, आणि त्या दुसऱ्या बाईवर तुला लेख लिहायचा नव्हता.

चहा झाला, पोहे झाले, अंधार पडला. शेवटी तह झाला. ऱ्हस्व-दीर्घ माझे, शब्द तुझे. 'आनि'चं 'आणि' झालं, 'माय' माय राहिली, 'मले' मले राहिलं. त्या वर्षी सगळ्या स्मरणिकेत लोकांनी वाचलं ते तेवढंच एक पान. जाताना तू मला 'अगं' म्हणालीस आणि मग मी कायमची 'अगं'च राहिले.

पुढे मला कळलं की तुला शुद्ध काय असतं ते चांगलं माहीत होतं. तुझी शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, नोकरी सरकारी खात्यात. तिथे तुझी टिप्पणी म्हणजे अधिकारी डोळे झाकून सही करायचे. हिंदीत तू एक मात्रा चुकत नव्हतीस. मी एकदा विचारलं होतं, की मग हिंदीतच का लिहीत नाहीस, तिथे तुला कोण बोट दाखवणार? तू म्हणालीस, आईशी मी हिंदीत कधी बोलली नाही, आता मेल्यावर काहून बोलू? मराठी तू शाळेत शिकली नव्हतीस. ती तुला घरात मिळाली होती, नागपूरहून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आलेल्या आजोबांच्या तोंडून, आईच्या तोंडून, आणि ती कोणी तुला लिहून दाखवली नव्हती. तू ती ऐकून लिहायचीस. आणि फोनचा कीबोर्ड हिंदीचा, त्यामुळे तुझी शाळा 'शाला' आणि दिवाळी 'दिवाली'. मी तुला दाखवलं होतं, की ल वर बोट थोडा वेळ दाबून धरलं की ळ वर येतो. तू करून पाहिलंस आणि म्हणालीस, एका अक्षरासाठी एवढा वेळ बोट दाबून कोण बसीन, तोवर माही गोष्ट निघून जाते.

मला राग यायचा. आत्ताच्या रागासारखा नाही, घरगुती राग. माझं म्हणणं होतं, आणि आजही आहे, की वाचणाऱ्याला अडखळू द्यायचं नाही ही साधी सभ्यता आहे. पाहुण्याच्या वाटेतल्या चपला आपण उचलून ठेवतो, तसंच. तू म्हणायचीस, अडखळला तर थांबीन, थांबला तर विचार करीन. मग मी पंडरीची आठवण काढायचे.

पंडरीची आठवण म्हणजे, आपण चौघी अभनपूरला एका बारशाला निघालो होतो आणि तू बाळाला कापड घ्यायला पंडरीच्या बाजारात शिरलीस. आम्ही चौकात गाडीत. उशीर व्हायला लागला तेव्हा मी मेसेज केला, आम्ही पुढे जाऊ का? तुझं उत्तर आलं, 'नाही थांबा येते मी'. मी वाचलं, थांबू नका, मी माझी येते. आम्ही गेलो. तू लिहिलं होतंस, नाही, थांबा, येते मी. भर उन्हात कापडाचं गाठोडं घेऊन तू रिकाम्या चौकात उभी, आणि आम्ही अभनपुरात घुगऱ्या खात. संध्याकाळी मी तुला म्हटलं, दोन स्वल्पविराम दिले असतेस तर गाडी मिळाली असती. तू म्हणालीस, फोन केला असता तर दोन स्वल्पविराम लागले नसते. तुझंही बरोबर होतं. तरी त्यानंतर तू 'थांबा' लिहायचं असलं की नुसतं 'थांबा' लिहायचीस, पुढेमागे काही नाही. मी ते पाहून घेतलं होतं आणि बोलले नव्हते.

हे आपलं भांडण असं वर्षानुवर्षं चाललं असतं. छान चाललं होतं. त्यात दोघींना एकमेकींचं ऐकू येत होतं.

मग पल्लवीचं लग्न ठरलं.

पल्लवी तुझ्या भावाची मुलगी. भाऊ बिलासपूरला रेल्वेत, पोरगी कॉलेजपासून तुझ्याकडेच. तुझं मराठी तिला सगळं समजायचं आणि उत्तर ती हिंदीत द्यायची. नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात तिला खिलेश भेटला, अभनपूरचा. तू त्याला पहिल्यांदा घरी बोलावलंस तेव्हा मीही होते. तो छत्तीसगढीत लाजत लाजत 'हव, हव' करत होता आणि तू त्याच्या ताटात वाढत होतीस. तो गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, पोट्टा चांगला आहे, भाताले नाही म्हणत नाही.

दिवाळीनंतर लगेच तू मंडळाचं सभागृह घेतलंस. नोंद झाली, पावती मिळाली, सचिवांनी अभिनंदन केलं. मग पत्रिका छापून आली, खिलेशच्या पूर्ण नावासकट, आणि पहिली पत्रिका तू रीतीप्रमाणे मंडळात नेऊन दिलीस. दुसऱ्या दिवशी सचिवांचा फोन. रंगकाम निघालंय, दोन महिने हॉल कोणालाच देता येणार नाही, फार वाईट वाटतं.

तुला आधी खरंच वाटलं होतं. तू दुसरा हॉल पाहायलाही लागली होतीस. नंतर एकदा सहज म्हणून तिथे गेलीस, तर आत बारसं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझ्या गच्चीवर तू मला फोन दाखवलास. ग्रुपवर टाकायचा मजकूर लिहून तयार होता. तो माझ्याकडे आहे, जसाच्या तसा:

'मंडलाच्या सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या भाचीच लग्न आहे. हाल आम्ही दिवाली नंतर लगेच बुक केला होता. पत्रीका देई पर्यंत हाल आमचा होता. पत्रीका दिली आनि दूसर्या दिवशी फोन आला की रंगकाम निघाल, हाल भेटनार नाही. काल मी स्वता जाऊन पाहून आली. तिथ बारस चालू होत. रंगाचा डबा कुठ दिसला नाही. मला जास्त काही नाही विचारायच. एवढच सांगा पत्रीकेत काय वाचल तुम्ही.'

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली. आणि त्याच क्षणी मी म्हटलं, दे इकडे, नीट करून देते. मी तुला सांगितलं, की हे लोक मजकूर वाचणार नाहीत, चुका वाचतील. त्यांना पळायला वाट हवी आहे आणि तू ती त्यांना हातानं उघडून देते आहेस. तू फोन दिला नाहीस. म्हणालीस, तू साफ केलं तर म्हणतीन मॅडमनं लिहून देलं. मी म्हटलं, म्हणू देत. तू म्हणालीस, "ज्याले चुका वाचायच्या आहे त्यानं चुका वाचाव्या. मले तेवढंच समजून जाईन, कोण काय वाचून राहिलं."

खाली गल्लीत स्कूटरवाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते. तू बोटानं पाठव दाबलंस.

मी घरी पोचले आणि पहिलं उत्तर आलं ते सरांचं. निवृत्त मुख्याध्यापक, मंडळाचे जुने कार्यकारिणी सदस्य, सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांनी लिहिलं: 'मंडळ असे लिहावे. पत्रिका, त्रि ऱ्हस्व. स्वतः, विसर्ग आवश्यक.' बस. मग एकानं तुझ्या मजकुराचा फोटो काढून त्यावर लाल गोल केले आणि खाली लिहिलं, 'आजचा गृहपाठ'. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ज्यांच्या घरच्या बाळंतपणात तू डबे पोचवलेस त्यांचेही चेहरे त्यात होते, कुंदा, मी नावं वाचत होते. कोणीतरी लिहिलं, आधी मराठी शिका, मग मराठी मंडळाला प्रश्न विचारा. आणि शेवटी सचिव: 'आपल्या ग्रुपवर आपण शुद्ध मराठीचा आग्रह धरतो. ताईंनी मजकूर कृपया शुद्ध करून पुन्हा टाकावे, म्हणजे उत्तर देणे सोयीचे होईल.'

'मजकूर' टाकावे. 'टाकावा' हवं होतं. हे त्या सगळ्यांत एकाला दिसलं नाही, सरांनासुद्धा.

मग तुझी ओळ आली.

'शुध्द काय करू. भाषा का पोरगा.'

मी तीस वर्षं मराठी वाचतेय, शिकवतेय, तपासतेय. इतकं नेमकं वाक्य माझ्या हाताखालून गेलेलं नाही. त्यावर काही तासांनी तुझ्या नावापुढे ती करडी ओळ आली, की तुला काढून टाकण्यात आलं आहे. ग्रुपची शिस्त, असं सचिवांनी मला फोनवर सांगितलं. मी त्यांना विचारलं की रंग कधी लागतोय. ते म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात.

मग मी तेच केलं जे मी करते. तुझा मजकूर घेतला, एकेक ओळ शुद्ध केली, विसर्ग, अनुस्वार, स्वल्पविराम, सगळं, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे पुन्हा टाकला. खाली लिहिलं, आता उत्तर द्यावे. सगळ्यांनी वाचला. निळ्या खुणा दिसत होत्या. कोणी काही बोललं नाही. सकाळी त्याच्यावर चहाचा कप आणि झेंडूची फुलं आली, शुभ प्रभात.

मी तुला तो फोन आणून दाखवला. तू पाहिलंस आणि म्हणालीस, "पाहिलं? तुह्यात तर एक बी चूक नव्हती." जिंकल्यासारखं नाही म्हणालीस. मी म्हटलं, निदान त्यांना हसता तरी नाही आलं. तू विचारलंस, हसले नाही हे कोणाले दिसलं?

याचं उत्तर मला नंतर सुचलं आणि मी ते तुला सांगणार होते. ते असं, की तुझ्यावर हसताना त्यांना आपण काही वाईट करतोय असं वाटलंच नाही. उलट भाषा वाचवतोय असं वाटलं. माझ्यापुढे गप्प बसताना त्यांना कळत होतं आपण गप्प का बसलोय. म्हणून मी म्हणते की नीट लिहावं. असल्या लोकांना लपायला एक खोपचा सुद्धा ठेवू नये. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला अजिबात सांगता येत नाही, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो. तुझी उत्तरं मला कधीच आधी ठाऊक नसायची.

लग्न अभनपूरला झालं. खिलेशच्या घरामागच्या शेतात, धान कापून झालेलं, मांडव घातलेला. तू वडाभात करायचा हट्ट धरलास आणि आचाऱ्याला कळेना, तेव्हा पदर खोचून स्वतः डाळ वाटायला बसलीस. खिलेशची आई तुझ्या शेजारी येऊन बसली. तुम्ही दोघी छत्तीसगढीत काय बोलत होतात कोण जाणे, पण ती मधूनच तुझ्या गुडघ्यावर थाप मारून हसत होती. त्याचे काका तिसऱ्यांदा वाढून घ्यायला आले. मंडळातून कोणी आलं नाही. मला वाटलं होतं तुला ते खुपेल. तू पंगतीकडे पाहून म्हणालीस, बरं झालं, वडे पुरले. मला तो दिवस दिल्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. असल्या गोष्टींचे आभार आपण मानायचो नाही.

त्यानंतर तू लिहिलं नाहीस. मी विचारायचे, तू म्हणायचीस, लिहून राहिली. कुठे लिहीत होतीस? पल्लवीनं आणि मी तुझा फोन पाहिला. काही नाही. ऑफिसचे हिंदी मसुदे आहेत, बिनचूक. मराठीत गेल्या हिवाळ्यानंतर एक ओळ नाही. एका शहाण्या, बोलक्या, छप्पन्न वर्षांच्या बाईला त्यांनी तिच्या आईच्या भाषेत गप्प केलं आणि नंतर तिला भाषेची उपासक म्हटलं. आणि तूही, कुंदा. तूही गप्प झालीस. त्यांचं ऐकलंस. माझं इतकी वर्षं ऐकलं नाहीस, आणि त्यांचं ऐकलंस.

मग तू एका सकाळी ऑफिसला निघालीस, जिन्यात दम लागला म्हणून पायरीवर बसलीस आणि उठली नाहीस.

मंडळानं शोकसभा ठेवली. त्याच सभागृहात. ते दोन दिवसांत मिळालं. आत शिरल्यावर मी आधी भिंती पाहिल्या. रंग अजून लागलेला नव्हता, खिडकीखाली पोपडे तसेच. समोर तुझा मोठा फोटो आणि त्याखाली फ्लेक्सवर तुझा आईवरचा लेख छापलेला. वाचायला जवळ गेले. 'माझी आई तलावाच्या पायरीवर बसत असे.' सगळं धुऊन काढलं होतं. माय नव्हती, मले नव्हतं. स्मरणिकेत मी जे जपलं होतं तेही त्यांनी काढलं. तू जिवंत असताना करू दिलं नाहीस ते तुझ्यामागे केलं, आणि तुझ्या फोटोखाली लावलं.

पल्लवी आणि खिलेश पुढच्या रांगेत बसले होते. सचिवांनी स्वतः दारापर्यंत जाऊन त्यांना आणलं होतं. खिलेश त्या सभागृहात पहिल्यांदा आला होता.

भाषणं झाली. मग सचिवांनी मला बोलावलं आणि कुंदाताईंचा हा सुंदर लेख वाचून दाखवावा म्हणाले. मी माइकपाशी गेले आणि फोन काढला. म्हटलं, कुंदानं या मंडळासाठी लिहिलेला शेवटचा मजकूर वाचते. आणि तुझी पोस्ट वाचली, माझी शुद्ध केलेली नाही, तुझी. तू जशी बोलायचीस तशी वाचली. मोठ्यानं वाचताना त्यातला एकही ऱ्हस्व चुकलेला ऐकू आला नाही. रंगाचा डबा कुठं दिसला नाही, इथपर्यंत आले तेव्हा मागच्या रांगेतले काही लोक भिंतींकडे पाहायला लागले. शेवटचं वाक्य वाचलं आणि थांबले.

सचिव उठले आणि माइकवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "ही ती जागा नव्हे."

पल्लवी उभी राहिली. तिला मी जन्मात मराठीत पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं.

"काका, मंग जागा कोनती आहे? आत्यानं ग्रुपवर विचारलं तर तुमी तिले काढलं."

सचिव म्हणाले की आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. सगळे उभे राहिले, त्यामुळे पल्लवी एकटीच उभी आहे असं दिसेना. ती खिलेशचा हात धरून मधल्या वाटेनं बाहेर निघाली. तिच्यामागे मी. दारातून वळून पाहिलं तर तिघी-चौघी बायका चपला शोधत होत्या. बाकीचे माना खाली घालून तुझ्यासाठी स्तब्ध उभे होते.

दुसऱ्या दिवशी मीही ग्रुपमधून बाहेर. स्मरणिका दुसऱ्या कोणाकडे दिल्याचं कळलं. बरं झालं.

आणि काल संध्याकाळी सरांचा मेसेज आला, मला एकटीला. बराच वेळ ते 'टाइप करत आहेत' असं दिसत होतं, थांबत होतं, पुन्हा दिसत होतं. शेवटी आलं ते एवढंच:

'आम्ही आडनाव वाचले.'

नीट लिहिलं होतं, पूर्णविरामासकट. तुझ्या प्रश्नाला आलेलं हे एकमेव उत्तर, आणि ते तू गेल्यावर आलं, आणि ते मला आलं. मी त्यांना लिहिलं, सर, हा प्रश्न मी विचारलेला नव्हता. ज्या ग्रुपवर विचारला होता तिथे उत्तर लिहा. त्यांनी लिहिलं, बघतो. मी विचारलं, कधी. ते पुन्हा टाइप करायला लागले आणि मग थांबले.

सभेतून उठलेल्या बायकांपैकी एकीच्या फोनवर पल्लवीनं सकाळी ग्रुप पाहिला आणि मला सांगितलं. काही आलेलं नाही. कोणाच्या तरी नातवाचा निकाल आहे आणि अभिनंदनं आहेत.

तू असतीस तर म्हणाली असतीस, म्हातारा माणूस आहे, घाबरते, जाऊ दे. मी जाऊ देणार नाही. मी उद्या पुन्हा विचारणार आहे आणि परवाही. त्यांनी खरं लिहिलंय हे मला कळतं, त्यांना त्रास झाला असेल हेही कळतं, आणि तरीही ते एका बाईच्या फोनमध्ये गुपचूप लिहिलेलं खरं मला पुरत नाही.

आणि मले तुह्यावर बी राग येऊन राहिला, कुंदा. त्यायच्यापेक्षा जास्त. तू लिहायचं काहून थांबवलं? माह्याशी भांडायचं अर्धं टाकून काहून गेली?